बाबासाहेबांचं दुसरं मत: लोकसभेचा पराभव, ७४,३३३ बाद मतपत्रिका आणि निकालाला दिलेलं आव्हान

जानेवारी १९५२. देशातली पहिली लोकसभा निवडणूक सुरू होती. मुंबई शहर उत्तर मतदारसंघाचा निकाल लागला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर पडले. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांना सुमारे १ लाख ३८ हजार मतं होती, तर बाबासाहेबांना १ लाख २३ हजार ५७६. फरक साधारण साडेचौदा हजारांचा.

इथपर्यंतची गोष्ट दर निवडणुकीत कुणीतरी पोस्ट करतं, खाली कमेंटमध्ये भांडणं होतात आणि विषय संपतो. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. बाबासाहेबांनी हा निकाल निमूटपणे मान्य केला नव्हता. मुंबईतल्या लोकांचा एवढा पाठिंबा दिसत असताना निकाल असा कसा लागला, याची निवडणूक आयुक्तांनी चौकशी करावी, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. मग समाजवादी नेते अशोक मेहता यांच्यासोबत त्यांनी निवडणूक रद्द करण्यासाठी अर्ज दाखल केला. त्या अर्जात एक आकडा होता. ७४,३३३. इतक्या मतपत्रिका मोजणीत बाद झाल्या होत्या.

एवढी मतं बाद कशी होतात? तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता, त्यामुळे शिक्का चुकायचा प्रश्नच नव्हता. मग चुकलं काय? हे समजायला आधी दोन मतांचा हिशोब समजून घ्यावा लागतो.

एका मतदाराला दोन मतं

आजचं उदाहरण घेऊ. अंबरनाथ विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. म्हणजे उमेदवार अनुसूचित जातीचाच असतो, पण मत सगळ्यांनी द्यायचं असतं. शेजारच्या उल्हासनगरची जागा राखीव नाही. बदलापूर शहर मुरबाड मतदारसंघात येतं, तीही जागा राखीव नाही. तिन्ही ठिकाणी विधानसभेसाठी मतदार एकच बटण दाबतो आणि एकच आमदार निवडून येतो.

१९५२ मध्ये असं नव्हतं. लोकसभेच्या ४०१ मतदारसंघांपैकी ८६ मतदारसंघ द्विसदस्य होते. एकाच मतदारसंघातून दोन खासदार, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मुंबई शहर उत्तर हा असाच मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला दोन मतं, म्हणजे हातात दोन मतपत्रिका. त्यावर ना उमेदवाराचं नाव, ना चिन्ह. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी ठेवलेली असायची आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, कम्युनिस्टांचं कणीस-विळा आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. यातल्या लाखो पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या.

नियम असा की दोन मतं दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले, तर मोजताना एकच धरायचा आणि दुसरा बाद. मतपत्रिकांवर क्रमांक असायचे, त्यावरून ते कळायचं.

बाबासाहेबांचं म्हणणं होतं की मतदारांनी हे चुकून केलेलं नाही, त्यांना तसं करायला सांगितलं गेलं. बोट होतं कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांच्याकडे. डांगे त्याच मतदारसंघात उभे होते.

या माणसाला दुसऱ्या मताचं एवढं का लागलं होतं, हे कळायला वीस-पंचवीस वर्षं मागे जावं लागेल.

मताधिकारासाठीची जुनी लढाई

बाबासाहेबांचं आयुष्य बहुतेक वेळा शिक्षण, महाड, संविधान आणि धम्मदीक्षा या टप्प्यांवरून सांगितलं जातं. ते निवडणुकांच्या बाजूनेही सांगता येतं. १९१९ मध्ये मताधिकारावर विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा त्यांचं वय होतं २७. लंडनमधलं शिक्षण अर्धवट राहिलेलं होतं आणि सिडनहॅम कॉलेजात नोकरी होती. अस्पृश्यांना मत देण्याचा आणि आपली माणसं सभागृहात पाठवण्याचा हक्क हवा, ही मागणी त्यांनी तिथपासून धरली ती सोडली नाही.

१९२७ साली ते मुंबई कायदे मंडळात आले ते सरकारनियुक्त सदस्य म्हणून. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचं चवदार तळं झालं. त्यानंतर दीडेक महिन्यात, ३ मे रोजी, ते बदलापूरला आले होते. शिवजयंतीच्या उत्सवाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. महाडमुळे वातावरण तापलेलं असताना बदलापूरकरांनी त्यांना बोलावलं आणि ते गेले. आज बदलापूरहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पुढच्या वर्षी सायमन कमिशनपुढे त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. शिक्षण, मालमत्ता, कर यांपैकी कसलीही अट नको. तेव्हा हे अनेक मोठ्या नेत्यांनाही अव्यवहार्य वाटत होतं.

मग आलं १९३२. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना दोन मतं दिली. एक मत स्वतंत्र मतदारसंघात, जिथे मतदारही अस्पृश्य आणि उमेदवारही अस्पृश्य. दुसरं मत सर्वसाधारण मतदारसंघात, बाकी सगळ्यांबरोबर. बाबासाहेबांच्या लेखी या दुसऱ्या मताची किंमत फार मोठी होती. सवर्ण उमेदवारालाही अस्पृश्यांच्या दारात यावं लागेल, असा तो हिशोब होता. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केलं आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. राखीव जागा वाढल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि दुसरं मतही गेलं. राखीव जागेचा प्रतिनिधी आता सगळ्यांच्या मतांनी निवडला जाणार होता. ज्या मतदारसंघात अस्पृश्य अल्पसंख्य, तिथे त्यांना नको असलेला माणूसही त्यांचा प्रतिनिधी होऊ शकतो, ही त्यांची भीती होती.

१९३७ मध्ये ती भीती मुंबईत तरी खरी ठरली नाही. स्वतंत्र मजूर पक्ष काढून त्यांनी निवडणूक लढवली आणि स्वतः भायखळा-परळ भागातून निवडून आले. समोर काँग्रेसने उभं केलं होतं बाळू पालवणकर यांना, म्हणजे १९११ चा इंग्लंड दौरा गाजवलेल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला. तेव्हा मुंबई प्रांतात अनेक जागांचे मतदारसंघ होते, पण नियम वेगळा होता. मतदार आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देऊ शकत होता. अल्पसंख्य गटाने ठरवून सगळी मतं एकाच्याच पारड्यात टाकली, तर त्याचा माणूस निवडून येण्याची शक्यता वाढायची.

१५ वर्षांनी तीच कृती केल्यावर दुसरा कागद बाद होणार होता.

आणि हा नवा नियम कुठे होता? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात. तो संसदेत मांडणारे कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर.

कायदा करणारा उमेदवार

मधल्या काळात बरंच घडलं होतं. १९४६ मध्ये संविधान सभेत जायला त्यांना मुंबईतून वाट मिळाली नाही. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने ते बंगालमधून निवडून आले. फाळणीने ती जागा गेली, मग जुलै १९४७ मध्ये मुंबईतून पुन्हा निवडून आले. मसुदा समितीचं अध्यक्षपद, कलम ३२६ मधला प्रौढ मताधिकार आणि निवडणुकीचा वाद कुठे न्यायचा हे सांगणारं कलम ३२९ हे सगळं त्यानंतरचं.

पहिल्या मतदारयाद्यांचं कामही तेव्हाच सुरू होतं. फाळणीतून आलेल्या निर्वासितांचं काय करायचं, हा त्यातला मोठा पेच होता. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत हजारो सिंधी कुटुंबं बराकींमध्ये राहत होती. ऑगस्ट १९४९ मध्ये त्या कल्याण कॅम्पला उल्हासनगर नाव मिळालं. ज्यांच्याकडे घर नाही, कागद नाहीत, गाव परदेशात गेलेलं आहे, त्यांना मतदार कसं करायचं? इथेच कायम राहायचा इरादा आहे, एवढं निवेदन दिलं तरी निर्वासितांची नावं यादीत घ्यायचं ठरलं. कागदपत्रांवरून आज चालणारे वाद बघता ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सप्टेंबर १९५१ च्या अखेरीस हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. निवडणूक महिन्यावर आली होती. मधुमेह आणि पायाच्या दुखण्याने शरीर थकलेलं होतं. फेडरेशनकडे काँग्रेससारखा पैसाही नव्हता आणि यंत्रणाही नव्हती. त्यांनी समाजवादी पक्षाशी युती केली. मुंबई शहर उत्तरमध्ये सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता, राखीव जागेसाठी बाबासाहेब. युतीचं गणित सोपं होतं. समाजवादी मतदाराने एक कागद झाडाच्या पेटीत आणि दुसरा हत्तीच्या पेटीत टाकायचा. फेडरेशनच्या मतदारानेही तेच करायचं.

काँग्रेसचंही गणित तेवढंच सोपं होतं. त्यांनी विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि काजरोळकर असे दोन उमेदवार दिले होते. दोन्ही कागद बैलजोडीच्या दोन पेट्यांत. त्यात नेहरूंची लाट.

प्रश्न होता डांगेंच्या मतदारांचा. गिरणगावात त्यांची ताकद होती आणि त्यांना साथीदार उमेदवार नव्हता. त्यांच्या मतदाराने एक कागद डांगेंना दिला, दुसऱ्याचं काय करायचं? तो हत्तीला गेला असता तर? पण कम्युनिस्ट आणि समाजवाद्यांचं हाडवैर होतं आणि बाबासाहेब आता समाजवाद्यांसोबत होते. अर्जातला आरोप असा की दुसरं मत वाया घालवा, असा प्रचार डांगेंच्या बाजूने पद्धतशीरपणे झाला.

गंमत म्हणजे, ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत जो मोठा संप झाला, त्यात आंबेडकर आणि डांगे खांद्याला खांदा लावून उभे होते. १४ वर्षांत चित्र एवढं पालटलं.

कोर्टात का नाही गेले?

कारण जाता येत नव्हतं. कलम ३२९ प्रमाणे निवडणुकीला आव्हान द्यायचं तर कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीने निवडणूक अर्जच करावा लागतो. याच जानेवारी १९५२ मध्ये, २१ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने मद्रासकडच्या पोन्नुस्वामी प्रकरणात हे पक्कं केलं. मधेच न्यायालयात धाव घेता येणार नाही, निकाल लागू द्या आणि मग अर्ज करा. तेव्हा हा अर्ज निवडणूक आयोगाकडे जायचा आणि आयोग तीन सदस्यांचं न्यायाधिकरण नेमायचा. आजच्यासारखा थेट उच्च न्यायालयात जायचा नाही. तो बदल १९६६ मध्ये झाला. म्हणूनच पुढे इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द केली, न्यायाधिकरणाने नाही.

तर आपण संसदेत मांडलेल्या कायद्याखाली बाबासाहेब स्वतःच अर्जदार म्हणून उभे राहिले. निवडणूक खटल्यांच्या संग्रहात हे प्रकरण आंबेडकर विरुद्ध डांगे या नावानेच सापडतं. काजरोळकर जिंकलेले असूनही नाव डांगेंचं, यावरून आरोपाचा रोख कळतो.

न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. काजरोळकर आणि गांधी यांची निवड कायम राहिली.

अर्ज कमकुवत होता का? आकडा तर मोठा होता. बाद मतं विजयाच्या फरकाच्या पाचपटीहून जास्त. त्यातल्या दर पाचांतला एक कागद हत्तीच्या पेटीत पडला असता, तरी निकाल फिरला असता. पण इथेच अडचण आहे. बाद झालेला कागद बाबासाहेबांचा होता आणि कुणी तो पळवला, असं नव्हतं. मतदाराने तो त्यांना दिलाच नव्हता. दोन्ही कागद एका पेटीत टाकणाऱ्यांमध्ये हत्तीचेही मतदार असू शकतात, साध्या अज्ञानाने तसं करणारे असू शकतात. देशातली पहिलीच निवडणूक, अक्षरओळख नसलेले असंख्य मतदार, हातात दोन कागद आणि समोर पेट्यांची रांग. यातलं किती ठरवून आणि किती चुकून, हे गुप्त मतदानात सिद्ध कसं करायचं? शिवाय दुसऱ्याला मत देऊ नका असं सांगणं आणि मतदाराला धमकावणं किंवा विकत घेणं, या एकाच पातळीवरच्या गोष्टी नाहीत. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर अर्जदारांची वाट अवघडच होती.

पण अर्जाने दाखवलेली फट खरी होती. दोन मतांची पद्धत कागदावर समान दिसायची. प्रत्यक्षात ज्या पक्षाकडे दोन तगडे उमेदवार, त्याचं एकही मत वाया जात नव्हतं. एकट्या उमेदवाराला मात्र दुसऱ्याच्या मतदारांच्या मर्जीवर राहावं लागत होतं. युती नीट जुळली की हीच पद्धत फायद्याचीही ठरायची. त्याच निवडणुकीत सोलापूरहून फेडरेशनचे पां. ना. राजभोज लोकसभेवर गेले. मुंबईत अशोक मेहताही पडले, म्हणजे युतीची मतं एकमेकांना पुरेशी मिळाली नाहीत हेही उघड आहे. सगळा दोष डांगेंवर टाकून हा हिशोब जुळत नाही.

बाबासाहेब १९५२ मध्येच मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. पण लोकांच्या थेट मतांवर लोकसभेत जायची इच्छा सुटली नव्हती.

भंडाऱ्याला पुन्हा तोच प्रश्न

संधी आली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी निवडणूक अर्जामुळे. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि तोही द्विसदस्य मतदारसंघ होता. १९५२ मध्ये तिथून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी आणि तुलाराम साखरे निवडून आले होते. काही मतदारांनी त्याला आव्हान दिलं. जसानी ज्या विडी कंपनीत भागीदार होते, तिचा सरकारला विड्या पुरवण्याचा करार होता. दुसरा मुद्दा आणखी रंजक. गंगाराम ठवरे या उमेदवाराचा राखीव जागेचा अर्ज नाकारला गेला होता, कारण ते महानुभाव पंथात गेले होते. पंथ बदलला म्हणजे माणूस महार राहत नाही का? फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते महारच राहिले, त्यांचा अर्ज नाकारणं चूक होतं. जसानी सरकारी करारामुळे अपात्र होते. सगळी निवडणूकच रद्द झाली.

पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे राहिले आणि सर्वसाधारण जागेसाठी पुन्हा अशोक मेहता. प्रचाराच्या वेळची एक आठवण त्या भागातले कार्यकर्ते पुढे सांगत राहिले. काही जणांनी बाबासाहेबांना सुचवलं की आपल्या लोकांना एकच मत द्यायला सांगू. एक कागद हत्तीला आणि दुसरा वाया. म्हणजे आपल्या मतांवर दुसरा कुणी पुढे जाणार नाही आणि आपला उमेदवार सुरक्षित राहील. गणित म्हणून ते चूक नव्हतं. मुंबईत त्यांच्याविरुद्ध हेच हत्यार वापरलं गेलं, असा त्यांचाच आरोप होता. त्यांनी नकार दिला. दुसरं मत वाया घालवायचं नाही, ते अशोक मेहतांना द्यायचं, असं त्यांनी कार्यकर्त्यांना बजावलं. त्यापायी आपण पडलो तरी चालेल, ही त्यांची भूमिका होती.

मे १९५४ मध्ये निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांना सुमारे आठ हजार मतांनी हरवलं.

लोकसभेत ते कधीच गेले नाहीत. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. दुसरी लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर आली होती.

ती निवडणूक १९५७ ला झाली, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मुंबई पेटलेली होती. कम्युनिस्ट, समाजवादी आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे तिघेही संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र होते. नाशिकहून दादासाहेब गायकवाड निवडून आले. मुंबई शहर मध्य हा द्विसदस्य मतदारसंघ होता. तिथल्या हजारो मतदारांनी पडद्याआड जाऊन एक कागद कम्युनिस्टांच्या पेटीत टाकला आणि दुसरा फेडरेशनच्या. सर्वसाधारण जागेवर जिंकले श्रीपाद अमृत डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे जी. के. माने.

१९६१ मध्ये कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले.